हाताला काम असलेली मुले : दहा ते तेरा वयासाठी काही नव्या कादंबऱ्या

आमच्या वसाहतीतल्या छोट्या वाचनालयात पुस्तके न्यायला येणाऱ्या मुलांचे पालक मला बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतात : पुस्तक चांगले असावे, पण दुःखी नसावे. त्यांच्या काळजीचा मला आदर आहे, पण तिच्याशी मी सहमत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाने आजी-आजोबांचे आजारपण पाहिलेले असते, घरातली भांडणे ऐकलेली असतात, एखाद्या मित्राने न सांगता शाळा सोडल्याचा सल त्याच्या मनात असतो, आणि या साऱ्याविषयी त्याच्याशी मोकळेपणाने बोलणारे मोठे माणूस त्याला सहसा भेटत नाही. मराठी वाचकाला तर हे नवे वाटायला नको. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून आईच्या मृत्यूपर्यंत जाणारी ती गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्याच हाती देत आलो आहोत.

दुःखाची सगळीच पुस्तके मुलांना द्यावीत, असे मात्र मी म्हणणार नाही. नुसते रडवणारे पुस्तक मी बाजूला ठेवते. संकटात सापडलेले मूल काय करते, त्याच्या हातांना काही काम मिळते का, हे मी आधी पाहते, कारण माझ्या अनुभवात या वयाची मुले भावनांच्या वर्णनावरून डोळे झरझर फिरवतात, पण कोणी स्वयंपाक करत असेल, झाडांना पाणी घालत असेल किंवा काही गोळा करत असेल, तर तिथे थबकून सावकाश वाचतात. गेल्या काही वर्षांत इंग्रजीत आलेल्या ज्या कादंबऱ्या मी आग्रहाने सुचवते, त्या या कसोटीला उतरलेल्या आहेत. त्या इंग्रजीत असल्या, तरी आपल्याकडच्या आणि परदेशी वाढणाऱ्या मराठी मुलांना त्या सहज वाचता येतील. जिथे भाषा अडेल तिथे पालकांनी शेजारी बसून मराठीत समजावून द्यावे.

पहिली आणि माझी सर्वांत आवडती कादंबरी म्हणजे वीरा हिरानंदानी यांची ‘द नाइट डायरी’. ती २०१८ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला न्यूबरी सन्मान, म्हणजे अमेरिकेत बालसाहित्यासाठी दिल्या जाणाऱ्या न्यूबरी पदकाच्या खालोखालचा मान, मिळाला. सिंधमधल्या मीरपूर खासला राहणारी निशा १४ जुलै १९४७ रोजी बारा वर्षांची होते आणि घरचा स्वयंपाकी काझी तिला एक वही भेट देतो. निशाचे वडील हिंदू डॉक्टर आहेत. तिची मुसलमान आई तिच्या आणि अमील या जुळ्या भावाच्या जन्माच्या वेळीच वारली. चारचौघांत निशाच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण वहीत ती रोज रात्री न पाहिलेल्या आईला पत्र लिहिते. महिनाभरातच देश दुभंगतो आणि या कुटुंबाला घर सोडून जोधपूरकडे निघावे लागते. लेखिकेच्या वडिलांचे कुटुंब याच वाटेने आले होते, आणि त्यामुळेच की काय, तहान, चालणे आणि अनोळखी माणसांची भीती यांचे वर्णन कुठेही ऐकीव वाटत नाही.

या पुस्तकात मला सर्वांत मोलाचे वाटते ते स्वयंपाकघर. निशा काझीजवळ बसून मसाला कुटायला आणि चव ओळखायला शिकते. तिला जे बोलता येत नाही, ते ती रांधून सांगते. काझी मुसलमान असल्यामुळे त्याला मागे राहावे लागते, तेव्हा फाळणी म्हणजे काय हे मुलाला कळते ते त्याच्या खलबत्त्यापाशी. इतिहासाच्या धड्यातली तारीख ते काम करू शकत नाही. फाळणीच्या बहुतेक गोष्टी आपण पंजाबच्या संदर्भात ऐकतो, सिंधची गोष्ट मुलांपर्यंत क्वचित पोहोचते. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी तर ती शेजारचीच गोष्ट आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली आणि त्या वस्तीचेच पुढे उल्हासनगर झाले. हे पुस्तक वाचलेल्या मुलाला एकदा तरी तो इतिहास सांगावा, आणि ओळखीत कोणी सिंधी आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे घेऊन जावे. याच कुटुंबाची पुढची गोष्ट ‘अमील अँड द आफ्टर’ या नावाने २०२४ मध्ये आली आहे. तिच्यात हे कुटुंब मुंबईत येते आणि वाचताना अक्षरांशी झगडणारा, पण हातात पेन्सिल आली की खुलणारा अमील चित्रे काढून आईशी बोलतो. वाचनाचा कंटाळा करणारे, सारखे वहीच्या कडेला चित्रे काढत बसणारे मूल घरात असेल, तर त्याला अमीलची ओळख अवश्य करून द्यावी. मात्र आधी निशाची वही वाचून व्हायला हवी.

पद्मा वेंकटरामन यांची ‘द ब्रिज होम’ (२०१९) यापेक्षा कठीण आहे आणि ती बारा वर्षांच्या आतल्या मुलाला एकट्याने वाचायला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मारहाण करणाऱ्या बापाच्या घरातून अकरा वर्षांची विजी आपल्या मोठ्या, पण बुद्धीने लहान राहिलेल्या रुक्कू या बहिणीला घेऊन पळते आणि चेन्नईत येते. तिथे वापरात नसलेल्या एका पुलावर अरुल आणि मुत्तू या दोन मुलांबरोबर त्यांचा संसार सुरू होतो. ही मुले कचऱ्याच्या ढिगांतून विकण्याजोगे काय मिळेल ते वेचतात. सगळे निवेदन विजी रुक्कूला उद्देशून करते, आणि त्या ‘तू’मुळे संवेदनशील वाचकाला लवकरच एक शंका चाटून जाते. इथे मला थांबून सांगावेसे वाटते की रुक्कूचे चित्रण हे या पुस्तकाचे मोठे यश आहे. जिला सांभाळावे लागेल असे विजीला वाटत असते, ती रुक्कूच मणी ओवून सुंदर माळा करते, त्या माळा विकल्या जातात, आणि आपण बहिणीला किती कमी ओळखत होतो हे विजीला उमगते. वर्गात किंवा नात्यात असे एखादे मूल असलेल्या मुलांनी हा भाग वाचावा, असे मला मनापासून वाटते. पुस्तकात हिंसा आहे, उपाशीपोटी काढलेल्या रात्री आहेत, देवावरचा रागही आहे. पालकांनी ते आधी स्वतः वाचावे.

बिजल वछरजानी यांच्या ‘सॅवी अँड द मेमरी कीपर’ (२०२१) या कादंबरीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिची गंमत वाचतानाच कळण्यासारखी आहे. वडील वारल्यानंतर सॅवी आई आणि बहिणीबरोबर शजरपूर नावाच्या, हवा कायम सुखद असलेल्या काल्पनिक गावी राहायला येते. वडिलांनी मागे ठेवलेल्या कुंड्यांची देखभाल आता तिच्याकडे आहे, आणि त्या रोपांशी वडिलांच्या आठवणी विलक्षण रीतीने जोडलेल्या आहेत. गावातले एक प्रचंड जुने झाडही या कथेतले पात्र आहे. हवामानबदलावरची मुलांची पुस्तके पुष्कळदा उपदेशाकडे झुकतात. हे पुस्तक झुकत नाही, कारण घरातला शोक आणि झाडांवरचे संकट यांत सॅवीला भेद दिसत नाही. विनोदही भरपूर आहे, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलालाही ते निःशंकपणे देता येईल.

२०२५ चे न्यूबरी पदक मिळालेली एरिन एंट्राडा केली यांची ‘द फर्स्ट स्टेट ऑफ बीइंग’ ही अमेरिकेतली गोष्ट असली, तरी आपल्याकडच्या मुलांना ती परकी वाटत नाही. १९९९ च्या ऑगस्टमध्ये डेलावेअर राज्यात राहणारा मायकेल बारा वर्षांचा आहे. वर्ष बदलताच सगळे संगणक बंद पडतील या त्या काळच्या भीतीने त्याला ग्रासले आहे, आणि अनेक नोकऱ्या करून थकलेल्या आईसाठी तो पलंगाखाली अन्नाचे डबे साठवतो. असे डबे तो दुकानातून चोरतोही. मग सन २१९९ मधून एक मुलगा त्याच्यापुढे येऊन उभा राहतो, आणि पुढे काय होणार हे त्याच्याकडून काढून घ्यावे असे मायकेलला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. वेळप्रवासाची रंजक गोष्ट म्हणून मुले ती भराभर वाचतात. परीक्षेच्या आधी झोप न लागणाऱ्या, रात्री दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या मुलाला मात्र मायकेल फार जवळचा वाटतो, कारण त्याच्या भीतीला पुस्तकात कोणी हसत नाही. दुःखी पुस्तक नको म्हणणाऱ्या पालकांनी सुरुवात इथून करावी.

आणखी एक विनंती. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर सॅवीचे किंवा विजीचे पुस्तक लगेच मुलाच्या हातात ठेवू नये. ते त्याला दिसेल अशा कपाटात ठेवावे, आणि मूल स्वतःहून उचलील तेव्हाच, त्याची इच्छा असेल तर, त्याच्याबरोबर वाचायला बसावे.