कॅम्पला येणारी पोरं

राष्ट्रीय संघाची कोच म्हणून मी अकरा वर्षं काढली. लोकांना वाटतं, या पदावरचा माणूस जलतरणपटू घडवतो. घडवतो कसला! आठ वर्षांच्या घाबरट पोराला पाण्यावर सरळ पडून राहायला शिकवणारा वेगळाच कुणीतरी असतो. आमच्याकडे पोरं येतात ती सतरा-अठराव्या वर्षी, तयार होऊन, तीन आठवड्यांच्या कॅम्पला.

हे मला कळायला एक शर्यत वाया घालवावी लागली. माझी नाही, एका मुलीची.

ती २०० मीटर फ्रीस्टाइलवाली. श्वास कायम उजवीकडून, दर दोन हातांनी. त्यामुळे डावा हात आत वळून मध्यरेषा ओलांडायचा. मला ते बघवेना. मी तिला दर तीन हातांनी, आलटून पालटून श्वास घ्यायला लावला. स्पर्धा बारा दिवसांवर आलेली, टेपर सुरू. टेपर म्हणजे शेवटचे दोन-तीन आठवडे सरावात पोहायचं अंतर उतरवत नेऊन शरीराला विसावा देणं. सिडनीत फोर्ब्स कार्लाइल आणि शरीरशास्त्रज्ञ फ्रँक कॉटन यांनी १९४०च्या दशकातच यावर काम केलं होतं. या दिवसांत पोरांना पाणी एरवीही परकं वाटतं. कुणाला हात हलका लागतो, कुणाला पाय जड. नवीन काही शिकवायला याहून वाईट वेळ नाही. हे मला पाठ होतं, तरी शिकवलं.

हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, पहिले शंभर देखणे गेले. तिसऱ्या पन्नासात दम पुरेना, मग जुनी सवय उफाळून आली, आणि शेवटी ना धड दोन ना धड तीन. स्वतःच्या वेळेपेक्षा सव्वा सेकंद जास्त. फायनल हुकली.

तिचे घरचे कोच, म्हणजे कॅम्पला येण्याआधी तिला शिकवणारे, प्रेक्षकांत बसले होते. संध्याकाळी भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "मॅडम, तो डावा हात मलाही दिसत होता. चार वर्षं दिसतोय."

मी काही बोलले नाही. काय बोलणार?

२०२३ साली जपानमधल्या फुकुओकात फ्रान्सच्या लिऑन मार्शाँने ४०० मीटर मेडले (एकाच शर्यतीत चारही प्रकारचं पोहणं) ४:०२.५० मध्ये पोहून मायकेल फेल्प्सचा २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधला ४:०३.८४ चा विश्वविक्रम मोडला. दोघांचे कोच बॉब बोमन, म्हणून सगळीकडे त्यांचं नाव गाजलं, आणि ते गाजायलाच हवं. पण मला आठवले निकोला कास्तेल. २०२१ मध्ये मार्शाँ बोमनकडे अमेरिकेला गेला, त्याआधी फ्रान्समध्ये, तुलूजला त्याला तयार केलं ते कास्तेलनी. बोमननी आयतं काही घेतलं असं मला म्हणायचं नाही. हाती आलेलं न बिघडवता पुढे नेणं हीसुद्धा कलाच, आणि ती स्टॉपवॉचवर दिसत नाही.

त्या हीटनंतर कॅम्पच्या आधी मी प्रत्येक घरच्या कोचला फोन करू लागले. आठवड्याचं अंतर, टेपर किती दिवसांचा, शर्यतीआधी पोरगं बडबडतं की गप्प होतं, सगळं वहीत लिहून घ्यायचे. शेवटचा प्रश्न ठरलेला: "मी कशाला हात लावू नये?"

बहुतेकांना आधी प्रश्नच कळायचा नाही. एकदा कळला की मात्र अर्धा अर्धा तास बोलत राहायचे.