तुम्ही विचारलंत म्हणून: चावत नाही का काही?

साप, कोळी, खेकडे यांचे माझे फोटो पाहिले की प्रश्न ठरलेला: "इतक्या जवळून काढता, चावत नाही का काही?"

चावू शकतं की! पण ज्याचा फोटो काढताय त्यानेच चावावं, असा काही नियम नाही.

१०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सने, किडा पूर्ण मोठा टिपायचा तर लेन्सचं तोंड त्याच्यापासून जेमतेम १४-१५ सेंटिमीटरवर न्यावं लागतं. टोळाला हे चालतं, सापाला नाही. त्यात एक डोळा व्ह्यूफाइंडरला, दुसरा मिटलेला. फोकस साधता साधता माणूस पुढे सरकत राहतो आणि गुडघा कुठे टेकतोय याचं भान सुटतं. मुंबईतल्या आरेच्या जंगलात रात्री फिरताना मी आधी टॉर्च मारते ती गुडघ्याच्या जागेवर, मग बेडकावर. पाचोळ्यात पडलेली घोणस पाचोळाच वाटते. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखे फुत्कार टाकते खरी, पण दर वेळी आधी सूचना देईलच अशी खात्री नाही.

चापडा त्याहून फसवा. हा हिरवा विषारी साप, इंग्रजीत पिट व्हायपर, पावसाळ्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या जंगलात फांदीवर, कधी थेट चेहऱ्याच्या उंचीवर बसलेला असतो. दिसायला देखणा, आणि हलत नाही. त्यामुळे आणखी एक पाऊल पुढे टाकायचा मोह होतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खड्ड्याने त्याला उष्णता कळते. तुम्ही टॉर्च विझवलात तरी तुमचा गरम चेहरा त्याला कळतोच. आपल्याकडचं प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पदंशावरचं औषध, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालतं. चापडा त्यात नाही. म्हणून त्याच्यासाठी मी दुरून टिपणारी टेलिफोटो लेन्स वापरते आणि नंतर क्रॉप करते. नाकं मुरडणारे मुरडोत.

जुहूच्या किनाऱ्यावर तर काही चावतही नाही, भाजल्यासारखं होतं. पावसाळ्यात ब्लू बॉटल नावाचे जेलीफिशसारखे प्राणी वाहून येतात. निळा फुगा सगळ्यांना दिसतो, त्याचे धाग्यासारखे लांब तंतू वाळूत पसरलेले दिसत नाहीत. लो अँगल हवा म्हणून पोटावर झोपलात की कोपर नेमकं त्यांच्यावर. प्राणी मेलेला असला तरी तंतू डंख करतातच. वाळूने चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा.

नॅशनल पार्कातल्या कान्हेरी लेण्यांच्या माकडांना लेन्सपेक्षा तुमच्या पिशवीत रस. फक्त त्यांच्या डोळ्यांत रोखून बघू नका, आणि दात दिसले तर ते हसतंय असं समजू नका. चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जायचं. बिबट्याचं म्हणाल, तर त्याचे जवळचे फोटो जंगलात लावून ठेवलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या ट्रॅप कॅमेऱ्याने काढावेत, मी नाही.

आणि साप चावलाच तर? जखम कापायची नाही, घट्ट बांधायची नाही, हात-पाय हलवायचा नाही. सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं. डॉक्टरांना दाखवायला हवा म्हणून सापाचा आणखी एक फोटो काढायला मागे फिरू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर औषध एकच आहे, आणि ते द्यायचं की नाही हे डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात.