रहाट फिरला एकदाचा (चर्चचं नाटक, तालीम १७)

मंडळी, मागच्या अपडेटला तीन आठवडे होऊन गेले, घरात लग्न निघालं त्यामुळे लिहायचं राहूनच गेलं. नवीन कोणी असेल तर थोडक्यात सांगतो, आम्ही वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमधे) दोन अंकी नाटक बसवतोय, आजोबांची केळीची वाडी आणि ती विकायला निघालेला नातू अशी गोष्ट आहे, निम्मे संवाद कादोडीत, म्हणजे आमच्या वसईच्या बोलीत. देणगी प्रवेशिकांचे पैसे युवा गटाच्या मे महिन्यातल्या शिबिराला आणि फुटबॉलच्या किटला जाणार. माझ्याकडे नेपथ्य आणि लाइट, म्हणजे खरं तर जे कोणी करत नाही ते सगळं.

तर रहाट. स्टेजवर विहीर हवी आणि विहिरीवर रहाट हवाच, नाहीतर वसईची वाडी वाटणार कशी. सायकलच्या दोन जुन्या रिम घेतल्या, मधे बांबूच्या पट्ट्या, दोरीला बारा प्लास्टिकचे मग गेरू लावून. फिरवला तर फिरला! मी खुश. तेवढ्यात तालीम बघायला आलेले एक आजोबा पुढे येऊन म्हणाले, अरे, लोटे उलटे बांधलेस तू, चढताना तोंड वर पाहिजे, वर आल्यावर पाणी पन्हळीत पडतं आणि मग उतरताना तोंड खाली. लहानपणी रेड्यामागे चालून रहाट हाकलेला माणूस, त्याच्यापुढे काय बोलणार, बाराच्या बारा सोडून परत बांधले. करकर खूप करतोय म्हणून खोबरेल तेल घालायला गेलो तर आजोबांनी बाटलीच काढून घेतली. रहाट करकरतोच म्हणे. आता पहिला अंक त्या आवाजावरच उघडतो.

खरी डोकेदुखी सीन चेंजची होती. वाडीतून एजंटच्या ऑफिसात जायला ३ मिनिटं ४० सेकंद, मोबाइलवर मोजलेत, तेवढा वेळ ब्लॅकआउट ठेवला तर पुढे बसलेली पोरं टॉर्च लावून विंगेत बघतात. लेव्हल (स्टेजवरचे चौथरे) कमी करून बघितल्या, फ्लॅटना (रंगवलेल्या उभ्या भिंतींना) चाकं लावली, तरी तीनच्या खाली येईना. शेवटी उपाय सापडला कोयरमधल्या (चर्चच्या गायकवृंदातल्या) एका आंटीकडे, माहेर गोव्याचं. त्या म्हणाल्या, आमच्या तियात्रात, म्हणजे कोंकणी नाटकात, पडदा पडला की पडद्यापुढे येऊन कांतार (गाणं) म्हणतात, गोष्टीशी संबंध असो नसो, मागे सेट बदलून होतो. तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ ला मुंबईतच झालेला, म्हणजे सव्वाशेच्या वर वर्षं ही युक्ती आपल्या शेजारी होती आणि मी चाकांना ग्रीस लावत बसलेलो. आता कोयरचे सहा जण, दोन माइक, पाण्याच्या टँकरवर एक चावट गाणं. काल गाणं संपलं तरी टेबल विंगेतच अडकलेलं, मग शेवटचं कडवं तीनदा म्हटलं आणि लोकांना तेच जास्त आवडलं.

आता फादर. युवा गटाने त्यांना जमिनीच्या एजंटचा रोल दिलाय आणि त्यांनी हसत घेतलाय. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी जी चळवळ केली ती आठवणारे लोक प्रेक्षकांत असणार, त्यात फादरच सातबारा मागायला येतात म्हटल्यावर एंट्रीलाच टाळी आहे. पाठांतर चोख, पण प्रत्येक वाक्य प्रवचनासारखं येतं, 'दर चांगला मिळेल' म्हणून असे थांबतात की परवा मागून कोणीतरी खरंच आमेन म्हणालं. दिग्दर्शिका त्यांच्याच धर्मशिक्षणाच्या वर्गातली जुनी विद्यार्थिनी, आता ती त्यांना 'फादर, परत एकदा घेऊया' म्हणून पाच पाच वेळा घ्यायला लावते, हा हिशेब वेगळाच चाललाय. बाकी पोरं जमवायला नाटक हा मार्ग जुनाच, संत डॉन बॉस्को तर लहानपणी आपल्या गावात जादूचे प्रयोग आणि दोरीवरच्या कसरतीसुद्धा करायचे. आमचे फादर दोरीवर चढणार नाहीत, गुडघे दुखतात.

परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाचं सेन्सॉर) सर्टिफिकेट आलंय. राखेच्या बुधवारच्या आधी प्रयोग उरकायचाय, तिथून सुरू होणाऱ्या उपवासकाळात टँकरचं गाणं काय शोभणार नाही. रंगीत तालीम पुढच्या रविवारी, संध्याकाळच्या मिस्सानंतर.

एक विचारायचंय, हॉलचा जुना डिमर तीस टक्क्यांच्या खाली नेला की एलईडी पार फडफडतात आणि स्टेजवरची माझी पहाट म्हणजे वेल्डिंगचं दुकान दिसतं. हॅलोजन भाड्याने आणू की पहाटच जरा उशिराची करू? कोणी केलं असेल तर सांगा.