आरडीपी गेलं तरी स्क्रीन दिसते

मागच्या आठवड्यात रात्री साडेबाराला मी स्वतःच स्वतःला सर्व्हरबाहेर हाकललं. विंडोज सर्व्हरवर आरडीपीने (लांबून विंडोजची स्क्रीन चालवायची सोय) बसलो होतो, फायरवॉलचा एक जुना रूल काढायचा होता, काढला भलताच, आणि स्क्रीन होती तिथे गोठली. आरडीपीचं ३३८९ पोर्टच बंद. ज्या फांदीवर बसलो तीच तोडली म्हणतात ना, अगदी तस्सं.

वाचवलं ते बीएमसीने (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर). सर्व्हरच्या बोर्डावर हा वेगळाच छोटा कॉम्प्युटर असतो, डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ, त्याला स्वतःचा आयपी असतो आणि सर्व्हर बंद असला तरी स्टँडबाय पॉवरवर हा जागाच. आरडीपी ही विंडोजच्या आत चालणारी सर्व्हिस, विंडोज झोपलं की तीही झोपली, पण बीएमसीचा कन्सोल म्हणजे थेट मॉनिटर-कीबोर्ड लांबून जोडल्यासारखं, त्यामुळे विंडोजच्या आधी येणारं बायोस दिसतं, निळी स्क्रीन दिसते, आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) लावून नवीन ओएससुद्धा टाकता येते (अर्थात आपल्या लॅपटॉपवरून चार जीबीची आयएसओ लावली तर सकाळ होते, ती सर्व्हरजवळच्या शेअर्ड फोल्डरवर ठेवलेली बरी).

पूर्वी हा कन्सोल उघडायला जावा हे सॉफ्टवेअर लागायचं, जेएनएलपी फाइल डाउनलोड करा, सिक्युरिटी वॉर्निंगा झेला, आणि २०१८ मध्ये जावा ११ मधून ती फाइल चालवणारं वेब स्टार्टच काढून टाकलं, तेव्हापासून जुन्या मशिनींसाठी जुनं जावा जपून ठेवलंय. नव्यांवर एचटीएमएल५, ब्राउझरमध्येच उघडतो.

तरी पासवर्ड टाकताना घाम फुटला. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट कन्सोलच्या मेनूतून पाठवायचं, नाहीतर आपलाच लॅपटॉप ते गिळतो, हे माहीत होतं. पण लाइन हळू होती, बटण सोडल्याचा सिग्नल उशिरा पोचायचा आणि सर्व्हरला वाटायचं मी ते दाबूनच धरलंय, एका टी चे तीन टी. कॉपी-पेस्ट तर चालतच नव्हतं. शेवटी लॉगिन स्क्रीनवरचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून माउसने एकेक अक्षर दाबलं आणि आत गेलो. रूल परत टाकायला दोन मिनिटं.

हे इंटरफेस उघड्या इंटरनेटवर मात्र चुकूनही ठेवू नका. आयपीएमआय २.० म्हणजे बीएमसीशी लांबून बोलायचं स्टँडर्ड, त्यातच घोळ आहे, बरोबर युझरनेम दिलं की लॉगिन व्हायच्या आधीच पासवर्डचा हॅश (त्यापासून बनवलेला सांकेतिक ठसा) समोरच्याच्या हातात, मग त्याने तो निवांत फोडत बसावं. वेगळं नेटवर्क, त्याच्यापुढे व्हीपीएन, बास.

आणि हो, कन्सोलची विंडो बंद केली म्हणजे लॉगआउट झालं असं नाही. मी खुशीत टॅब बंद करून झोपलो, सकाळी सहकाऱ्याने सर्व्हर रूममधून फोटो पाठवला, रॅकवरच्या मॉनिटरवर माझा अ‍ॅडमिन डेस्कटॉप जसाच्या तसा उघडा.