रात्री साडेबारा वाजता शेंगदाण्याचा लाडू

काल ३१ डिसेंबरची वॉचनाईट उपासना (जुनं वर्ष सरताना चर्चमधी रात्री होणारी प्रार्थना), जालन्याकडची थंडी आणि चर्चचे पत्रे, म्हणजे स्वेटरवर शाल घेऊन पण दात वाजायलेच. गर्दी मात्र लई, पुण्या-मुंबईला गेलेली पोरं पण आलेली (निम्मी मागं मोबाईल घेऊनच बसली होती, असो).

पाळकसाहेबांनी बायबलातलं स्तोत्र १०३ वाचलं, उपकार विसरू नको म्हणणारं. मग साक्षी सुरू, म्हणजे देवानं वर्षभरात काय केलं ते एकेकानं उठून सांगायचं. मी म्हणलं आता कोण काय बोलणार, सप्टेंबर २०२५ च्या पावसानं अख्ख्या मराठवाड्याची वाट लावलेली, आमचं पण सोयाबीन पाण्यातच सडलं. खरं सांगू का, मी देवावर जरा रुसलेलोच होतो.

तर आमची मावशी उठली. हातात पदराच्या टोकात बांधलेली हरभऱ्याची कोवळी भाजी, संध्याकाळीच खुडलेली. म्हणली, सोयाबीन गेलं, पण त्याच पावसाच्या ओलीवर हरभरा उगवला, त्यातलं हे पहिलं देवबापाला. बस, एवढंच. खाली बसली.

उपासनेनंतर अर्पणाचा, म्हणजे लोकांनी देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला, कोंबडा, दोन भोपळे आणि ती भाजी. वीस रुपयाची भाजी बोली लागत लागत साडेतीनशेला गेली, घेतली कुणी तर मीच 😄 बायको अजून बोलत नाहीये.

बाराला घंटा वाजली, सगळ्यांना सलाम झाला, मावशीनं हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. प्रार्थनेत या वर्षी मागायचं काहीच आठवलं नाही, नुसतं थँक्यू बापा म्हणलं.

आज दुपारी भाजी-भाकरी.