आमची वाटचाल : लालबागच्या गाळ्यातून महाबळेश्वरच्या दिवाणखान्यात

लालबागमधील ज्या गाळ्यात वडिलांनी खानावळींच्या गॅसभट्ट्या जोडण्याचे काम सुरू केले, तेथेच आजही आमचे कार्यालय आहे आणि त्यांचे फ्लेअरिंगचे, म्हणजे नळीचे तोंड फुलवण्याचे, हत्यार भिंतीवर टांगलेले आहे. तांब्याच्या नळीचे तोंड फुलवल्यावर वडील काठावरून बोट फिरवत आणि केसाएवढी चीर लागली तरी तेवढा तुकडा कापून टाकत. भट्ट्यांवरून गिझर आणि गिझरवरून गॅस फायरप्लेस, म्हणजे दिवाणखान्यातली गॅसवर पेटणारी शेकोटी, हा प्रवास आम्ही केला तो मुंबईकरांच्या घाटमाथ्यावरील बंगल्यांमुळे. सांताक्रूझचा पारा २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांवर उतरला होता, त्याचीच आठवण अजून काढली जाते. मुंबईच्या घराला शेकोटीची गरज नाही. सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरची गोष्ट वेगळी आहे.

आमच्यावर संकट आले ते पाचगणीच्या सहा बंगल्यांच्या कामात. आम्ही डायरेक्ट व्हेंट पद्धतीचे सहा संच सुचवले होते. यात ज्योत काचेआड पूर्ण बंद असते, एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांपैकी बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते आणि आतल्या नळीतून जळलेला वायू घराबाहेर जातो. आर्किटेक्टच्या शब्दावर विसंबून मी आयातीचे सर्व पैसे भरले आणि पेट्या गोदामात पोहोचल्या त्याच आठवड्यात फोनवर काम रद्द झाले. दुसऱ्या एका पुरवठादाराने निम्म्या किमतीत, भिंतीला भोक न पाडता बसणारे, धुराड्याविना चालणारे संच देऊ केले होते. मी जाऊन समजावले की एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते, ती खोलीतच राहणार. प्राणवायू कमी पडला तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला ना रंग, ना वास. संचात प्राणवायू मोजणारी सुरक्षा यंत्रणा असली तरी बंद खिडक्यांच्या खोलीत रात्रभर तिच्यावर भिस्त ठेवणे मला मान्य नव्हते. त्यावर, ‘माल खपवण्यासाठी तुम्ही लोकांना भीती घालता’, असे उत्तर मिळाले. ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही.

पत्नीचे दागिने गहाण पडले आणि गाळा विकण्याची बोलणीही सुरू झाली. वडिलांच्या काळापासूनचे आमचे फिटरमामा आठ महिने निम्म्या पगारावर राबले. त्यांनी एकदाही हिशेब विचारला नाही. त्या दिवसांत दादरच्या हिंदू कॉलनीतील एक डॉक्टरबाई आपल्या महाबळेश्वरच्या जुन्या घराचा दिवाणखाना नव्याने करून घेत होत्या. त्यांनी माझे म्हणणे तासभर ऐकले, संपूर्ण रक्कम आगाऊ दिली आणि पुढे नणंदेच्या व शेजाऱ्यांच्या घरीही आम्हालाच नेले. सहापैकी चार पेट्या त्यांच्या शब्दावर उघडल्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाचगणीच्या त्या बंगल्यांच्या भिंतींना बुरशी धरली, डोकेदुखीच्या तक्रारी आल्या आणि जुने संच काढायला आम्हालाच बोलावले गेले. आम्ही ते काम केले, मात्र त्या वाक्याबद्दल दिलगिरी कोणीही व्यक्त केली नाही.

पुढची वर्षे नेमाने काम करण्यात गेली.

नूतनीकरण करणाऱ्यांना माझे सांगणे आहे की चौकटीचा रंग आणि नकली ओंडके निवडण्याआधी नळी बाहेर कोठून काढायची ते ठरवावे, कारण प्लॅस्टर झाल्यावर तो निर्णय दुप्पट महाग पडतो. सात किलोवॉटचा बर्नर तासाला साधारण अर्धा किलो एलपीजी घेतो, म्हणजे १४.२ किलोचे सिलिंडर पंचवीस-सव्वीस तास पुरते; लहान खोलीत एवढी आग घेतली तर थोड्याच वेळात खिडक्या उघडाव्या लागतात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने सिलिंडर तळघरात कधीही ठेवू नये. नैसर्गिक वायूचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक छिद्राची तोटी, एलपीजीला चालत नाहीत, ते बदलूनच घ्यावेत. घाटावर वीज जाते, तेव्हा सेलवर पेटणारा संच बरा. काच हात भाजेल इतकी तापते. घरात नातवंडे असतील तर पुढे जाळी हवीच. मुंबईतील ज्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या भिंतीला भोक पाडता येत नाही, तेथे विजेवर चालणारा देखावाच घ्यावा. तेवढे गिऱ्हाईक मी आनंदाने सोडतो.

मामांनी निवृत्त होताना यू आकाराच्या काचनळीचा मॅनोमीटर, म्हणजे गॅसचा दाब मोजण्याचे साधन, माझ्या मुलीच्या हाती दिला. बर्नर बंद असताना आणि पूर्ण पेटलेला असताना, दोन्ही वेळा पाण्याची पातळी वाचून ती वहीत लिहिते. डॉक्टरबाईंचा फोन दर नोव्हेंबरमध्ये येतो. गेल्या खेपेस मुलीने त्यांच्या संचाचे थर्मोकपल, म्हणजे ज्योत विझल्यास गॅस बंद करवणारा भाग, बदलले आणि काचेभोवतीची फट बंद ठेवणारी दोरी नवी बसवली.