गरोदर बाईची, बाळंतिणीची लघवी मोजा

आज वॉर्डात परत तेच कानावर आलं, "क्रिएटिनिन १.१ आहे, नॉर्मलच की!" क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात. पण १.१ गरोदरपणात नॉर्मल नाही हो. किडनी जास्त रक्त गाळते, म्हणून आकडा ०.४ ते ०.८ पर्यंत उतरतो. १.१ म्हणजे किडनीला मार बसलेला असू शकतो. उलट्या, वाढलेलं बीपी, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आधी हेच शोधा. कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी तासातासाला बघा: ६० किलोच्या बाईला सलग सहा तास लघवी तासाला ३० मिलीच्या खालीच, तीही गडद चहासारखी, तर थांबू नका. दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक बंद. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम चालू असेल तर गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघा. लघवी अडली की ते अंगात साठतं, श्वास मंदावतो. गरोदरपणी किडनीला मार बसला की बाळ अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं होतं, कधी पोटातच जातं. गगनबावड्याहून कोल्हापूरला आलेल्या बाईच्या कार्डावर तीन महिन्यांनंतरचं बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन लिहाच.